शून्य आधी, गेन नंतर

लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसलेल्या विद्यार्थ्याची जबलपुरातली ठरलेली तक्रार म्हणजे, "सर, ज़ीरो नहीं आ रहा." मी काही सांगेपर्यंत त्याचं बोट ऑटो-ऑफसेटच्या बटणावर पोचलेलंही असतं. आकडा शून्य होतो, तक्रार मिटते. पण ते शून्य नेमकं कशाचं, हे कुणी विचारत नाही.

हे यंत्र गोंगाटातून एकाच वारंवारतेचा सिग्नल वेचून काढतं. रॉबर्ट डिकी आणि सहकाऱ्यांच्या प्रिन्सटन अप्लाइड रिसर्च कंपनीने 1960 च्या दशकात ते बाजारात आणलं. दिव्यासमोर चॉपरची चकती फिरवून प्रकाश सेकंदाला, समजा, 137 वेळा अडवायचा. यंत्र त्याच तालावर येणारं तेवढं ठेवतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 50 आणि त्याच्या पटी टाळायच्या. मात्र ताल हवाच. आमच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयात प्रा. बी. पी. चंद्रा यांनी स्फटिक चिरडताना उमटणाऱ्या प्रकाशावर काम केलं. तसली क्षणात विझणारी चमक लॉक-इनच्या कामाची नाही.

आता शून्याकडे. इनपुट शॉर्ट केल्यावरही जो आकडा उरतो, तो यंत्राचा स्वतःचा दोष. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रात तो तापमानाबरोबर सरकतो. म्हणून यंत्र चांगलं तापू द्यावं आणि मगच झीरोचा स्क्रू फिरवावा. वाण्याच्या तराजूला पासंग लावतात, तसंच हे.

दुसरा आकडा डिटेक्टर जोडून, त्याच्या तोंडाशी प्रकाश अडवून, चॉपर चालू ठेवल्यावर दिसतो. हा बहुतेकदा चॉपरच्या मोटरच्या वायरींतून किंवा ग्राउंड लूपमधून शिरलेला असतो. वारंवारता तीच, त्यामुळे लॉक-इन त्याला आपलाच समजतं. हा ऑफसेटने झाकू नये. केबल जराशी हलवली की तो बदलतो. आधी वायरिंग दुरुस्त करावं.

तिसरा आकडा खऱ्या सिग्नलचा स्थिर भाग. ऑफसेट आणि एक्स्पांड आहेत ते यासाठी. समजा, 1 मिलिव्होल्टच्या स्केलवर सिग्नल 0.90 आहे आणि तापमान वाढवल्यावर 0.91 होतो. पूर्ण स्केलला 10 व्होल्ट मिळत असतील, तर आउटपुट 9 वरून 9.1 व्होल्टवर जाईल. रेकॉर्डरवर जेमतेम दिसेल. 90 टक्के ऑफसेट आणि एक्स्पांड 10 केलं, की तोच बदल शून्यापासून 1 व्होल्टपर्यंत जातो. त्याऐवजी सेन्सिटिव्हिटी थेट 100 मायक्रोव्होल्टवर नेली तर यंत्र ओव्हरलोड होतं, कारण आत येणारा सिग्नल 0.9 मिलिव्होल्टच असतो.

मात्र घाई नको. साध्या 6 डेसिबलच्या फिल्टरमध्ये पाच टाइम कॉन्स्टंटनंतरही सुमारे 0.7 टक्के फरक उरतो. वरच्या उदाहरणात प्रकाश सुरू करून तेवढंच थांबलात, तर एक्स्पांडनंतर तो पूर्ण स्केलच्या 6 टक्के होऊन बसतो आणि मुलं त्यालाच नमुन्याचा गुणधर्म समजतात.

गेनची तक्रार बहुधा खोटी निघते. चॉपरने कापलेला सिग्नल चौकोनी लहरीचा. ऑसिलोस्कोपवर तो माथ्यापासून तळापर्यंत 1 मिलिव्होल्ट भरतो, लॉक-इन मात्र 0.45 दाखवतं. यंत्र बिघडलेलं नाही. ते फक्त मूळ वारंवारतेचा भाग, तोही आरएमएस मूल्यात, मोजतं. गेनचा ट्रिमर फिरवून तिथे 1 आणलात, तर पुढचं प्रत्येक माप दुपटीहून जास्त येईल. गेन तपासायचा तर ज्ञात साइन लहर अचूक अटेन्युएटरमधून द्यावी, आणि तीही शून्य लावल्यानंतरच.

प्रयोगवहीत प्रत्येक आलेखाखाली सेन्सिटिव्हिटी, ऑफसेट, एक्स्पांड आणि टाइम कॉन्स्टंट लिहा. ऑफसेट न नोंदवलेला आलेख मी तपासत नाही. तुम्हीही तपासू नका.