अमोघवर्षाची वस्त्रं

'क्रुसेडर किंग्ज थ्री' या खेळाच्या नकाशात राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट सापडली तेव्हा मी हरखून गेलो होतो. खेळ इ. स. 867 पासून मांडता येतो. त्या वर्षी राष्ट्रकूटांच्या गादीवर अमोघवर्ष होता. त्याचा दरबार त्याच्या काळाला शोभावा म्हणून मी वेशभूषेचे दोन मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या पुरवण्या, टाकले. दोन्ही सुटे सुटे उत्तम चालत. एकत्र लावले की निम्म्या दरबाऱ्यांच्या अंगावर वस्त्रच उरत नसे.

वसतिगृहात एक सीनियर होता, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याच्याकडे मॉडचा बिनतक्रार चालणारा संच होता. तो मला देऊन टाकला असता तरी मी खूश झालो असतो. पण परीक्षा तोंडावर असताना तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

"आधी एरर लॉग उघड."

"दादा, यात हजारो ओळी आहेत."

"असू देत. कपड्यांच्या तेवढ्या वेगळ्या काढ. अंदाजाने काही हलवू नकोस."

मग त्याने दोन्ही मॉडचे फोल्डर शेजारी शेजारी उघडायला लावले. कोणी कोणता पोशाख घालायचा हे ठरवणारी एक फाइल दोन्हींत एकाच नावाने, एकाच जागी होती. अशा वेळी खेळ दोन्हींतला मजकूर एकत्र करत नाही. यादीत जो मॉड खाली, त्याची फाइल अख्खी घेतो. वरच्या मॉडने केलेल्या नोंदी मग खेळाला दिसतच नाहीत. दादाने हे मला सांगितलं नाही, वाचायला लावलं. मला ते उमगेपर्यंत तो गप्प बसून राहिला. तेवढा धीर मी आजवर फार थोड्या शिक्षकांत पाहिला आहे.

दोन्हींच्या नोंदी एकत्र करून तिसरा छोटा पॅच लिहिला, तो यादीत सगळ्यांत खाली ठेवला. लिहिला मी, त्याने कीबोर्डला हातही लावला नाही. पहाटे दरबार भरला तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर वस्त्र होतं.

2022 मध्ये खेळाचा 'रॉयल कोर्ट' हा विस्तार आला आणि त्याबरोबर नवे पोशाख. जुना पॅच नव्या फाइलींशी ताडून पाहावा लागला. ते मी एकट्याने केलं. पॅचच्या माथ्यावर, खेळ ओलांडून जातो त्या टिप्पणीच्या ओळीत, दादाचं नाव आहे. पॅच कुणालाही देताना ती ओळ मी काढू देत नाही.