टायरावरचा आकडा

अब्बांची काळी सायकल अठ्ठावीस इंची होती. कार्ल्याकडच्या आमच्या गावाहून लोणावळ्याच्या रेल्वे यार्डापर्यंत ते रोज तिच्यावरूनच जात. पावसाळ्यात घरातून निघताना डबा कॅरिअरला लावायच्या आधी ब्रेकचे रबर बघत. आम्ही दोघे भाऊ त्याच सायकलीच्या दांड्यावर आणि कॅरिअरवर बसून लहानाचे मोठे झालो. दुकानात जाऊन ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हटले की टायर मिळे. त्याच्यावर काही लिहिलेले असते, हे बघायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

ती वेळ आली थोरल्याच्या मुलीमुळे. शाळेच्या मैदानावर एका सायकल स्पर्धेत ती साध्या सायकलीवरून दुसरी आली आणि तिने घरात जाहीर केले, “मला शर्यतीची सायकल पाहिजे.” अम्मी म्हणाली, “घाटाच्या रस्त्याला पोर सोडता काय?” अब्बा काही बोलले नाहीत, पण आम्हाला माहीत होते की शर्यत म्हटले की त्यांचे कान टवकारतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी ते आम्हाला घाटमाथ्यावर घेऊन जात. खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळावरून चढून जो पहिला वर येई, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. आम्ही राजाचे तोंड बघायचो, अब्बा त्याची चाके बघायचे.

आमच्याकडे पंधरा हजार रुपये होते. त्यात नवी चांगली सायकल येणे शक्य नव्हते. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या खेळाडूने आपली जुनी रेसर थोडक्या पैशांत दिली. वर न वापरलेले दोन टायरही दिले. सांगाडा सरळ होता, चिमटा कुठे वाकलेला नव्हता. पण चाके सत्तावीस इंची आणि रिमा चकचकीत लोखंडी होत्या.

लोणावळ्यात लोखंडी रिम ही साधी गोष्ट नाही. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. क्रोमचा मुलामा दिलेली रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. लायन पॉइंटहून भुशी धरणाकडे उतरताना ब्रेक दाबूनही सायकल पळतच राहते. ॲल्युमिनियमच्या रिमेवर ओल्यातही ब्रेक पुष्कळ बरा लागतो. म्हणून आधी रिमा बदलायचे ठरले.

मग दुकानदारांचे सल्ले सुरू झाले. एकाने वीस आऱ्यांचे हलके चाक दाखवले. बोटावर उचलले तर वजन जाणवत नव्हते. दुसऱ्याने कार्बनची रिम पुढे केली. आमचे डोळे दिपले. पण वीस आऱ्यांतली एक तुटली की चाक एवढे वाकडे होते की ते ब्रेकला घासते आणि सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते. छत्तीस आऱ्यांतली एक तुटली तर पोर हळूहळू घरी येऊ शकते, आणि कामशेतचा मिस्त्रीही नवी आरी घालून चाकाचा आऊट काढून देतो. कार्बनच्या रिमेवर ब्रेक लावत लांब उतार उतरला की ती तापते आणि पावसात तिची पकड कमी पडते. ती मोह पाडणारी चाके आम्ही परत ठेवली. जुनी हब धुऊन, नवे छर्रे आणि ग्रीस घालून, त्यांच्यावरच छत्तीस भोकांच्या ॲल्युमिनियमच्या रिमा विणून घेतल्या. सत्तावीसचे चांगले टायर आता दुकानात सहसा मिळत नाहीत, म्हणून रिमा ‘सातशे सी’ मापाच्या घेतल्या.

गिअरचे गणित अब्बांनी सोडवले. डब्यांची चाके तपासणाऱ्या टोळीत ते खलाशी होते. ते म्हणाले, “कर्जतवरनं गाडी वर येती तेव्हा मागनं इंजिन लावत्यात. सदतीस फुटांना एक फूट चढ, तरी लावत्यात. रस्त्याचा चढ त्याहून खडा. पोरीला मागनं इंजिन कोण लावणार?” पुढचे छोटे चक्र बेचाळीस दात्यांचे होते. मागे चोवीस दात्यांवर साखळी असली तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेचार मीटर जाई. मागे चौतीस दात्यांचे चक्र घातले तर अडीच मीटरच्या थोडी पुढे. अंतर कमी, पण पायावरचा जोरही त्याच प्रमाणात कमी. आम्ही चौतीस दात्यांचे फ्रीव्हील घेतले. त्यासाठी साखळी लांब घ्यावी लागली आणि मागचा डिरेल्युअरही बदलावा लागला. पैसे संपत आले.

आणि इथे आम्ही चुकलो. खेळाडूने दिलेले ते दोन टायर घरात होतेच. नवे कोरे, नक्षीही झिजलेली नाही. नवे टायर घेण्याऐवजी तेच नव्या रिमांवर चढवले तर दोन-अडीच हजार वाचत होते. एरवी टायर चढवताना अंगठे सोलून निघतात. हे टायर हाताने सहज बसले. आम्हाला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मुलगी पहिल्यांदा लायन पॉइंटच्या चढाला जाणार होती.

संध्याकाळी पडवीत आम्ही हवा भरायला घेतली. पंपाचा काटा सत्तर पौंडांच्या पुढे गेला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. टायरची कड रिमेवरून निसटली होती, ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या. शेजारचे धावत आले. मुलगी दोन हातांवर बसली होती. तिच्या कानात बराच वेळ दडे बसले होते. अम्मीने काही विचारले नाही. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

अब्बांनी टायर उचलला, उजेडात धरला आणि कडेवरून अंगठा फिरवला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, आकडे येतात. “आरं, हितं सहाशे तीस लिहिलंय. रिमंवर काय हाय?” आम्ही रिम पुसून बघितली. ६२२.

सत्तावीस इंच आणि सातशे ही नुसती नावे आहेत. टायरची कड रिमेत जिथे बसते तिथला व्यास हे खरे माप. सत्तावीसचे ६३०, सातशे सीचे ६२२, अब्बांच्या अठ्ठावीसचे ६३५. फरक आठ मिलिमीटरचा, करंगळीएवढाही नाही. सहाशे बावीसचा टायर सहाशे तीसच्या रिमेवर चढतच नाही, म्हणून ती चूक करता येत नाही. उलटी चूक मात्र गुपचूप होते. टायर सहज बसतो आणि हवेचा जोर वाढला की सुटतो. तो पडवीत सुटला. दुसऱ्या दिवशी उतारावर सुटला असता तर, हे वाक्य आम्ही दोघांनीही आजवर पूर्ण केलेले नाही.

“डब्याचं चाक आम्ही हातोडी मारून ऐकायचो,” अब्बा म्हणाले, “पण माप पट्टीनंच घ्यायचो. नजरंनं कधी घेतलं न्हाई.” एवढेच बोलले. ओरडले असते तर बरे वाटले असते.

अम्मीचा होकार परत मिळायला महिना गेला. थोरल्याने घड्याळ विकले, धाकट्याने भिशी उचलली. या वेळी टायर आधी आणि बाकी नंतर. २८-६२२ लिहिलेली जोडी घेतली. तेवीस मिलिमीटरचा बारीक टायर पळतो असे सगळे सांगत होते. पण खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टणक टायर उड्या मारतो, पळत नाही. कामशेतहून पवनानगरला जाणारा ज्याला माहीत आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मुलीचे वजन कमी, म्हणून सत्तर पौंड हवा पुरते. नव्या रिमेची त्रिज्या चार मिलिमीटरने लहान होती, तेवढे ब्रेकचे रबर खाली घेतले. महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात, म्हणून एक जादा ट्यूब आणि चिमटी खोगिराखाली बांधली.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरची आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. अम्मीसुद्धा आली. मोठमोठे खेळाडू सूं करून गेले. मुलगी त्यांच्या चाकांकडे बघत होती. “चाचा, त्यांचेही टायर बारीक नाहीत,” ती म्हणाली.

ते दोन जुने टायर आम्ही टाकले नाहीत. पडवीतल्या खिळ्याला टांगून ठेवले आहेत आणि त्यांच्याखाली अब्बांनी खडूने मोठ्या आकड्यांत ६३० लिहिले आहे. रविवारी पहाटे मुलगी निघते. आधी हवा बघते, मग ब्रेकचे रबर. अम्मी दारात उभी असते. मुलगी वळणाआड गेली तरी ती लगेच आत येत नाही.