सांपडलेलें मूल

लहान मुलांच्या खेळांत राजा होण्यास कोणाचें अनुमोदन लागत नाहीं. चार दगड मांडले कीं सिंहासन झालें, आणि जो मोठ्यानें ओरडेल तो राजा. त्याचप्रमाणें भातुकली मांडणाऱ्या मुलीस आई होण्यास वयाची अट नाहीं. मोठ्या माणसांनीं हें सोंग पाहून हंसावें आणि आपल्या कामास लागावें, अशी रीत आहे. परंतु सोंगांतल्या राजापेक्षां सोंगांतल्या आईबापांकडे जरा लक्षपूर्वक पाहिलें, तर मूल वाढविणें म्हणजे काय याविषयीं खेळणाराची खरी समजूत कळून येते, असा आमचा अनुभव आहे.

पुण्यास शिकावयास गेलेलीं आमच्या घरचीं मुलें सुटींत एक खेळ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें तो प्रसिद्ध केला, आणि त्यापासून पुढें अशा खेळांचा एक वंशच निर्माण झाला. एक जण सूत्रधार होतो व एका काल्पनिक जगाचें वर्णन करतो. बाकीचे त्या जगांतील एकेक साहसी पात्र आपल्याकडे घेतात आणि आपण आतां काय करणार तें बोलून दाखवितात. करणी साधली कीं फसली, याचा निकाल वीस पैलूंचा फांसा देतो. कीर्तनकारास श्रोत्यांनीं मध्येंच थांबवून 'आतां मी असें करतों' म्हणावें, असा कांहींसा हा प्रकार आहे. यांत कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं, आणि एकच कथा महिनेच्या महिने चालते.

गेल्या दिवाळींत आमच्या माडीवर असा एक डाव मांडला गेला. सूत्रधार आमचा पुतण्या. खेळणारीं चौघें: एक भाडोत्री शिपाई, एक मांत्रिक, एक हेर आणि एक चोर. चोराची भूमिका आमच्या बारावींतल्या मुलीनें घेतली होती. पहिले दोन दिवस भुयारें, राक्षस आणि लूटमार यांतच गेले. तिसऱ्या दिवशीं एका पडक्या बुरुजाखालीं त्यांना फडक्यांत गुंडाळलेली एक तान्ही मुलगी सांपडली. तिचें नांव त्यांनीं चिमणी ठेविलें.

येथून खेळाचा रंग पालटला. तरवारीसाठीं सांठविलेलें सोनें शेळी विकत घेण्यांत गेलें. मांत्रिकानें आगीचा मंत्र दूध कोमट करण्यास वापरला. मूल घेऊन राक्षसाच्या गुहेंत शिरणें शिपायास पसंत पडेना. तो दाराशीं बसून राहिला आणि त्या दिवसाची लूट हातची गेली, तरी कोणी त्यास दोष दिला नाहीं. सूत्रधाराच्या गणितानें सहा वर्षें लोटलीं. चोरानें चिमणीस कुलुपें उघडण्यास शिकविलें. कारण चोराजवळ दुसऱ्यास देण्यासारखी तेवढीच विद्या होती.

पुढें एके दुपारीं पुतण्यानें आम्हांस आपला बेत हळूच सांगितला. चिमणी ही एका राज्याची हरवलेली राजकन्या. तिच्या खांद्यावर तीळ आहे, आणि राजदूत तिचा शोध करीत येणार आहेत. ही युक्ति ऐकून आम्हांस आनंद होईल, अशी त्याची अपेक्षा होती. आम्हांस मात्र आमच्या शहराजवळचीं लेणीं आठवलीं.

धाराशिवजवळ बालाघाटाच्या डोंगरांत कोरलेल्या या लेण्यांशीं अशाच एका सांपडलेल्या मुलाची कथा जोडलेली आहे. मुनि कनकामर यांनीं सुमारें अकराव्या शतकांत अपभ्रंश भाषेंत 'करकंडचरिउ' हें दहा संधींचें काव्य रचिलें, प्रा. हिरालाल जैन यांनीं तें संपादून १९३४ सालीं कारंज्याच्या जैन ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. चंपेची गरोदर राणी पद्मावती हिला घेऊन हत्ती उधळतो व अरण्यांत शिरतो. राजापासून दुरावलेली राणी अखेर स्मशानांत प्रसूत होते, आणि तें बालक एक मातंग घरीं नेऊन वाढवितो. मुलाच्या हातास खाज, म्हणून नांव करकंडु. दंतिपुरचा राजा निपुत्रिक मरतो, तेव्हां राजहत्ती कलशांतील पाण्यानें याच मुलास अभिषेक करतो. मग दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला करकंडु तेरापुरास तळ देतो, तेथील डोंगरांतल्या जुन्या लेण्यांत पार्श्वनाथाचें दर्शन घेतो आणि नवीं लेणीं करवितो. हें तेरापुर म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील तेर, आणि तीं लेणीं म्हणजे धाराशिवचीं, असें हिरालाल जैन यांनीं प्रतिपादिलें. लेणीं मूळचीं बौद्ध कीं जैन, याविषयीं पंडितांत मतभेद आहे; तो वाद येथें प्रस्तुत नाहीं.

या काव्यांतील एक गोष्ट आम्हांस खटकते. मूल वाढविणारा तो मातंग खरा मातंग नाहींच! तो शापित विद्याधर आहे, आणि करकंडूस राज्य मिळतांच त्याचा शाप सुटतो. म्हणजे मूल राजाचें, आणि पालकही थोर कुळांतला. स्मशानांतलें पोर घरीं नेणारा एक साधा मनुष्य होता, एवढें मानणें कवीस जड गेलेलें दिसतें.

उत्तराध्ययन सूत्राच्या श्वेतांबर टीकाकारांनीं हीच कथा निराळ्या रीतीनें सांगितली आहे, आणि ती आम्हांस अधिक प्रिय आहे. तेथें मूल नेणारा स्मशानाचा राखणदार चांडाळच आहे. मुलगा सवंगड्यांत खेळतांना राजा होतो व त्यांच्याजवळ कर मागतो. आणि कर कसला, तर त्याचें अंग खाजवून द्यावयाचें! त्यावरून त्याचें नांव करकंडु पडतें. पुढें तो खराच राजा होतो, तेव्हां वाटधानक गांवच्या चांडाळांस ब्राह्मण करतो. थोरपणाची मोजणी येथेंही जुन्याच मापानें झाली, हें खरें. तथापि ज्यांच्यांत आपण वाढलों त्यांस राजा विसरला नाहीं, असा अर्थ आम्ही घेतों.

आतां सांगावयास हवें कीं, आमची मुलगी अकरा महिन्यांची असतांना एका संस्थेंतून आमच्या घरीं आली. पूर्वींच्या शास्त्रांत दत्तक म्हणजे सामान्यतः पिंडदानासाठीं घेतलेला पुत्र; मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक हिंदूंच्या कायद्यानें १९५६ सालीं स्पष्टपणें दिली. ही गोष्ट मुलीस कळूं लागल्यापासून ठाऊक आहे. तरीही खेळांतले ते राजदूत येणार, या कल्पनेनें आमच्या पोटांत गोळा उभा राहिला.

मे महिन्यांत दूत आले. त्यांनीं चिमणीचा खांदा पाहण्याची परवानगी मागितली. तेव्हां आमची मुलगी हातांतला फांसा खालीं ठेवून म्हणाली, "दादा, तिला राजकन्या करूं नकोस ना. आम्ही तिला उचललं तेव्हां ती कुणाची ते आम्हांला माहीत नव्हतं. आतां ती राजाची निघाली, तर इतके दिवस आम्ही राजाचंच मूल सांभाळत होतों असं होईल. मग आमचं काय राहिलं?"

पुतण्यानें वही मिटली, थोडा विचार केला आणि सांगितलें, "दूत खांदा पाहतात. तीळ नाहीं." चोरानें दूतांस जेवूं घातलें व त्यांना वाटेस लाविलें.

त्या रात्रीं मुलीनें आम्हांस विचारलें, "माझे कागद कपाटांत आहेत ना? पुढं कधींतरी पाहीन." आहेत, असें आम्हीं सांगितलें आणि किल्ली कोठें असते तेंही सांगितलें. तिच्या या दोन बोलण्यांत आम्हांस विसंगति दिसली नाहीं. आपला जन्म कोठें झाला हें जाणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. परंतु तें कळेपर्यंत ती अपुरी आहे, असें समजण्याचा हक्क कोणासही नाहीं. सांपडलेल्या मुलांच्या कथा बहुधा या दोन गोष्टींत घोटाळा करतात. महाभारतकारांनीं तो केला नाहीं. उद्योगपर्वांत श्रीकृष्ण कर्णास त्याचा जन्म सांगून राज्य देऊं करतो, तेव्हां कर्ण राधेस आपल्यासाठीं पान्हा फुटल्याची आणि तिनें आपलें मलमूत्र काढल्याची आठवण देतो. कुंतीचें नांव कळूनही तो राधेयच राहिला.

पाहुण्यांस लेणीं दाखवावयास नेलें, म्हणजे करकंडूची गोष्ट सांगण्याचा आमच्या घरीं प्रघात आहे. हत्तीनें अभिषेक केल्याचा प्रसंग मुलांस फार आवडतो, आणि तो आवडावा असाच आहे. परंतु आतां आम्ही स्मशानाचा प्रसंग जरा सावकाश सांगतों. तेथें एक मूल रडत आहे, आणि तें कोणाचें हें न विचारतां एक मनुष्य तें उचलून घरीं नेत आहे. राज्य त्यास पुष्कळ पुढें मिळालें. त्या दिवशीं त्याच्यासाठीं कोणीतरी दूध शोधून आणलें असेल.