आधी मोजे काढा!

जानेवारी २०१९. महिन्यातला तिसरा रविवार, म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा दिवस. पहाटेच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसं हातपाय मोकळे करत उभी होती. त्यांत ठाण्याचे एक छप्पन्न वर्षांचे गृहस्थही होते. बँकेतली नोकरी, घरी पत्नी आणि म्हातारी आई, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालता चालता गृहस्थ धावायला लागले. आता ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन!

तयारीत काही कसर नव्हती. पाणी कुठे प्यायचं, केळं कधी खायचं, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किती ठेवायच्या, सगळं कागदावर लिहून झालं होतं. बूट चांगल्या दुकानातून, पारखून घेतलेले. राहता राहिले मोजे. ते त्यांनी आदल्या संध्याकाळी स्टेशनबाहेरून घेतले. पांढरेशुभ्र, सुती, फ्री साइज, तीन जोड्या एका भावात. पत्नीनंही हात लावून पाहिलं आणि म्हणाली, ''सुती आहेत ना, मग बरं. घाम टिपतील.''

घाम त्यांनी खरंच टिपला. अडचण तिथूनच सुरू झाली.

सी-लिंक पार करून माहीम मागे पडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. ऊन चढायला लागलं, तसे ते पाण्याच्या प्रत्येक थांब्यावर डोक्यावर पाणी ओतून घेऊ लागले. ते पाणी पाठीवरून, पोटऱ्यांवरून थेट बुटात उतरत होतं. डाव्या पायाच्या चवड्याखाली काहीतरी गोळा झाल्यासारखं वाटलं. मोज्याची घडी पडली असेल, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. थांबलं तर वेळ जाईल! वरळीला पोहोचेपर्यंत पाऊल तिरकं पडायला लागलं होतं. वैद्यकीय मदतीच्या तंबूत बूट काढला तर मोजा गुलाबी झालेला. रुपयाएवढा फोड केव्हाच फुटला होता, आणि त्यांना म्हणावं तसं दुखलंही नव्हतं.

''दुखलं नाही, हीच काळजीची गोष्ट आहे,'' नंतर त्यांचे डॉक्टर म्हणाले.

फोड येतो कसा?

आपल्याला वाटतं, बूट कातडीला घासतो म्हणून वरून साल निघते आणि फोड येतो. प्रत्यक्षात बिघाड आत होतो. पाऊल टेकलं की मोजा आणि घामेजलेली कातडी एकमेकांना चिकटून जागच्या जागी राहतात, पण आतलं हाड पुढे-मागे सरकतच असतं. मधल्या मध्ये कातडीचे थर ताणले जातात. असं हजारो वेळा झालं की वरचा थर खालच्यापासून सुटतो, आणि त्या फटीत पाणी भरतं. तो झाला फोड.

ओलाव्याचा हिशेबही गमतीचा आहे. अगदी कोरडी कातडी घसरते, अगदी चिंब ओलीही घसरते. सगळ्यात जास्त चिकटते ती नुसती दमट कातडी. सुती मोजा घाम पिऊन घेतो, पण सोडत नाही. तो फुगतो, सैल पडतो, त्याला घड्या पडतात आणि पाय तासन् तास दमट राहतो. उन्हाळ्यात अंगातल्या बनियनला जे सूत चांगलं, तेच लांब पल्ल्याच्या धावण्यात पायाला भोवतं.

अमेरिकेत १९९० साली लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या अभ्यासात सुती मोज्यांपेक्षा ॲक्रिलिकच्या मोज्यांत फोड कमी आणि आकारानं लहान आले. पण १९९३ मध्ये साध्या विणीचे, कमी गादीचे मोजे घेऊन तशीच तुलना केली, तेव्हा हा फरक दिसला नाही. म्हणजे धाग्याइतकंच महत्त्व विणीला आणि मोज्याच्या तळाशी असलेल्या गादीला आहे.

एका फोडाची किंमत

फोड तो काय, दोन दिवसांत बरा होईल, असं घरोघरी म्हणतात. बहुतेक वेळा होतोही. पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्या घरी तसं झालं नाही. त्यांचा सोळा वर्षांचा धाकटा मुलगा ३० जून १९२४ रोजी व्हाइट हाउसच्या आवारात भावाबरोबर टेनिस खेळला. पायात बूट होते, मोजे नव्हते. बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात गेले आणि ७ जुलैला मुलगा गेला. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पण पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती.

आज औषधं आहेत. तरीही मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली तर ती लवकर भरत नाही. शिवाय साखरेमुळे पायातल्या नसांची जाणीव हळूहळू बोथट होते. ठाण्याच्या गृहस्थांचं तसंच होऊ लागलं होतं. जखम चिघळली, प्रतिजैविकं घ्यावी लागली, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ''पुन्हा असं झालं तर धावणं विसरा. आणि वेळेवर आला नाहीत तर नुसतं धावण्यावर भागणार नाही.''

घरी आल्यावर पत्नीनं काही न बोलता बूट माळ्यावर टाकले.

वारीचा धडा

एक दिवस शेजारचा मुलगा चौकशीला आला. म्हणाला, ''काका, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि जिंकला. आपले शिवनाथ सिंगही अनेकदा अनवाणीच धावायचे. १९७८ साली त्यांनी जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली, तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. मोज्यांची भानगडच कशाला?''

कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेल्या आई हसल्या. तरुणपणी त्यांनी आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली होती, एकदा नव्हे, सात वेळा. त्या म्हणाल्या, ''बाळा, ज्यांचे तळवे लहानपणापासून दगडामातीत घट्ट झाले, त्यांची गोष्ट निराळी. याचे तळवे बँकेतल्या फरशीवरचे. अन् वारीला नवी वहाण घालून कुणी निघत नाही रे. जुनी, पायाला सरावलेली वहाण घ्यायची. मुक्कामाला पोचलं की आधी पाय धुवायचे, पुसायचे, उजेडात बघायचे. जेवण नंतर.''

गृहस्थांना हे पटलं. पुढे धावण्याच्या जाणकारांकडून त्यांनी जे जे ऐकलं, त्याचं सार आईच्या या चार वाक्यांत आधीच आलेलं होतं.

मोजे निवडताना

डॉक्टरांची परवानगी मिळाली, बूट माळ्यावरून खाली आले आणि मोज्यांची खरेदी नव्यानं सुरू झाली. फ्री साइजला रजा. पावलाच्या मापाचा, टाचेला खोलगट आकार असलेला मोजा घ्यायचा, म्हणजे तो बुटात गोळा होत नाही. धागा पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक किंवा बारीक लोकरीचा, घाम बाहेर सोडणारा. बोटांजवळची शिवण चपटी हवी. मोजा उलटा करून आत सुटे धागे नाहीत ना, हे बोट फिरवून पाहायचं. काहींना दोन पदरांचे मोजे मानवतात. त्यांत घर्षण दोन पदरांमध्ये होतं, कातडी सुटते. ज्यांची बोटं एकमेकांवर घासतात, त्यांना पाच बोटांचे मोजे उपयोगी पडतात.

मोजा जाड घेतला तर बूट घट्ट होतो, म्हणून बूट घेताना तेच मोजे पायात हवेत. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. लांब धावतानाही तो फुगतोच, तेव्हा पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी. आणि नवी जोडी शर्यतीच्या दिवशी कधीच काढायची नाही. ती आधी धुऊन, दोन-तीन लांब सरावांत वापरून पाहायची.

जिथे नेहमी फोड येतो, तिथे धावण्यापूर्वी केमिस्टकडे मिळणारी साधी कागदी सर्जिकल टेप गुळगुळीत चिकटवावी. वाळवंटातल्या सुमारे २५० किलोमीटरच्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींत १२८ धावपटूंवर हा प्रयोग झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार टेपमुळे फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. काहीजण पेट्रोलियम जेली लावतात, पण टेप लावायची असेल तिथे जेली नको, ती चिकटणार नाही.

धावताना एखादी जागा गरम लागली, चुरचुरली, तर लगेच थांबावं, मोजा सरळ करावा, टेप लावावी. पाणी डोक्यावर घ्यायचं तर पुढे वाकून घ्यावं.

एवढं करूनही फोड आलाच तर? लहान आणि न फुटलेला असेल तर त्याला हात लावू नये, वरून पट्टी लावावी. मधुमेह्यांनी घरी सुई लावण्याचा उद्योग मुळीच करू नये. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर कुणीही घरगुती उपायांत वेळ दवडू नये, डॉक्टर गाठावा.

रोज रात्रीचा नेम

गृहस्थांच्या घरी तेव्हापासून एक नेम सुरू झाला. रात्री झोपण्यापूर्वी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करून ते पलंगावर बसायचे. तळव्याखाली छोटा आरसा धरायचे आणि पत्नी टॉर्च दाखवायची. सुरुवातीला त्यांना संकोच वाटे. ''अगं, मला दिसतंय,'' ते म्हणायचे. ''तुम्हाला दिसेल हो, पण तुम्ही सांगाल का?'' ती विचारायची. यावर त्यांच्याकडे उत्तर नसे.

जानेवारी २०२०. पुन्हा तीच पहाट. या वेळी पायात राखाडी रंगाचे, पाच लांब सरावांत धुऊन वापरलेले मोजे होते. दिसायला काही खास नाहीत. वरळीला डावा चवडा जरा गरम लागला. गृहस्थ कडेला बसले, मोजा काढला, पाय पुसला, टेप नीट केली. पाचेक मिनिटं गेली. शेजारून माणसं पुढे जात होती, ती त्यांनी जाऊ दिली. मग पेडर रोडचा तो चढ. बाल्कन्यांतून लोक टाळ्या वाजवत होते, पोरं संत्र्याच्या फोडी पुढे करत होती. गृहस्थ चालत, धावत, पुन्हा चालत चढ चढले.

साडेपाच तासांनंतर ते गळ्यात पदक घालून आझाद मैदानाजवळ बाहेर आले. पत्नी समोरच उभी होती. त्यांनी पदक उचलून दाखवलं. तिनं त्याकडे नीट पाहिलंही नाही. पिशवीतून पंचा काढून फुटपाथवर अंथरला आणि म्हणाली,

''बसा. आधी मोजे काढा.''

त्यांनी काढले. दोन्ही तळवे तिनं उन्हात वळवून वळवून पाहिले. कुठे काही नव्हतं. मग तिनं पदक हातात घेतलं, आणि सासूबाईंना फोन लावला.