मनोरुग्णालयातलं ताट

मनोरुग्णालयातून मला, म्हणजे फिजिशियनला, बोलावणं येतं ते बहुतेकदा दोन तक्रारींसाठी. एक, 'पेशंट काहीच खात नाही.' दुसरी, 'पेशंटचं वजन फार वाढलंय.' एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर ही दोन टोकं दिसतात. तुमच्या घरचं कुणी दाखल असेल, तर गोळ्यांइतकंच त्याच्या ताटाकडेही लक्ष द्या. का, ते पाहू.

न खाणारा पेशंट

जेवण नाकारणं हा हट्ट नव्हे. तीव्र नैराश्यात भूकच मरते. संशयाच्या आजारात अन्नात विष कालवलंय अशी पक्की खात्री असते. एक बाई कित्येक दिवस वरण-भाताला हात लावत नव्हत्या. तिथल्या अनुभवी सिस्टरने त्यांच्यापुढे केळी, न सोललेलं उकडलेलं अंडं आणि भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. जे आपण स्वतः सोलायचं, त्यात कुणी काय कालवणार? हा हिशोब त्यांना पटला. औषध लागू पडेपर्यंतचे दिवस त्यावर निभावले.

मात्र बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट जेवू घालणं धोक्याचं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून थोडं थोडं, रक्त तपासत वाढवायचं.

ताटातूनच आलेला आजार

१९१४ साली अमेरिकेत डॉ. जोसेफ गोल्डबर्गर पेलाग्राचा शोध घेत होते. त्वचा काळवंडते, जुलाब होतात, बुद्धी भ्रमते, असा हा आजार. मनोरुग्णालयांत तो रुग्णांना व्हायचा, त्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नाही. संसर्ग असता तर दोघांनाही झाला असता! फरक जेवणात होता. दूध, अंडी, मांस, शेंगवर्गीय धान्य वाढवल्यावर आजार हटला. कमतरता नायसिनची होती, हे पुढे सिद्ध झालं. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी मंडळींत, बी-१२ची कमतरता अशीच विसराळूपणा, उदासी, क्वचित भासही घडवते. म्हणून ते तपासून घ्यावं.

'तब्येत सुधारली' म्हणजे काय?

ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी भूक वाढते. तीन महिन्यांत पेशंट आठ-दहा किलोंनी भरतो आणि नातेवाईक आनंदाने म्हणतात, 'डॉक्टर, तब्येत सुधारली!' त्यांचा आनंद मला समजतो. पूर्वी हाडं दिसत होती. पण गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. मन सावरलं आणि हृदय गमावलं, असं व्हायला नको.

तुम्ही काय विचाराल?

- दाखल होताना वजन किती होतं? नवं औषध सुरू झाल्यावर पहिले सहा आठवडे ते दर आठवड्याला घेतलं जातंय का?
- कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत आहे का?
- उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी तपासलं का?
- शौचाला साफ होते का? क्लोझापिनमुळे होणारी बद्धकोष्ठता जीवघेणी ठरू शकते.
- लिथियम चालू आहे का? मग मीठ किंवा पाणी अचानक कमी करू नका, निर्जळी उपवास तर नकोच. रक्तातलं औषध धोकादायक पातळीला जातं.
- जेवताना ठसका लागतो का? काही औषधांनी गिळणं मंदावतं. ताठ बसवून, छोटे घास द्या.

हे विचारताना संकोच नको. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला सकस अन्न मिळणं हा त्याचा हक्क मानला आहे.

आणि एक कळकळीचं सांगणं. वजन वाढलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, आजार उलटतो. डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं, मात्रा बदलता येते, गरजेनुसार मेटफॉर्मिनही देता येतं. भेटीला जाताना फरसाण-पेढ्यांऐवजी फळं न्या, आणि परवानगी असेल तर त्याला बरोबर घेऊन आवारात दोन फेऱ्या मारा.