लोमो, आजी आणि छत्तीस फोटो

‘तुला नक्की कुठला हवाय? रशियन, की नवा?’ मित्राने फोनवर विचारलं. मी घाटकोपर स्टेशनवर, एका हातात वडापाव, दुसऱ्या कानात तो. मी म्हटलं, ‘अर्थातच ओरिजिनल!’ अर्थातच म्हणण्याआधी माणसाने जरा विचार करावा, हे मला नंतर कळलं.

प्रकरण होतं लोमो एलसी-ए नावाच्या चिमुकल्या कॅमेऱ्याचं. जपानी कोसिना सीएक्स-२ समोर ठेवून लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याने तो बनवला. १९८४ पासून तो धडाधड बाहेर पडू लागला. १९९१ मध्ये व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांना तो प्रागमध्ये सापडला आणि त्यांनी काढलेल्या भडक रंगांच्या, काळोख्या कोपऱ्यांच्या फोटोंनी जग वेडं झालं. आता मीही त्या रांगेत.

पण माझ्याकडे एक कारण होतं. मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. महिनाअखेरीस चावी द्यायची. आम्ही भाड्याने ठाण्याला, आजी काकाकडे डोंबिवलीला. नवीन घर तीन वर्षांनी मिळेल म्हणे. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ही बेरीज आमच्या घरात कुणी मोठ्याने करत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून भाजी निवडणारी आजी हे आमच्या घराचं कायमचं चित्र. तिचा तिथला एकच फोटो आहे, बाबांनी अगफा क्लिक थ्रीवर काढलेला. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यातला हा एक, आणि तोही हललेला. मोबाइलवर तिचे शेकडो असतील, पण ते मी पुन्हा उघडून बघितलेले नाहीत. मला मोजून छत्तीस हवे होते. अल्बममध्ये चिकटवायला.

शनिवारी फोर्टला, बोराबाजारात गेले. एका दुकानात सोव्हिएत काळातला पीस होता. रशियन अक्षरं, स्पीडचे आकडे जुन्या रशियन गॉस्ट पद्धतीचे आणि जास्तीत जास्त २५०. व्ह्यूफाइंडरमध्ये छोटी चित्रं : एक माणूस, दोन माणसं, डोंगर. कितीवर फोकस आहे ते डोळ्यांसमोरच दिसतं. काय गोड! नंतरच्या मॉडेल्समधून ही चित्रं गेली आणि आयएसओचे आकडे ४०० पर्यंत आले. मी प्रेमात पडले.

मग मित्राने शिकवलेली टेस्ट केली. मीटरच्या खिडकीवर बोट ठेवून बटण दाबायचं. कॅमेऱ्याला अंधार वाटतो, म्हणून शटर उघडं राहायला हवं, बोट काढल्यावर मिटायला हवं. इथे आवाज आला टिक, आणि संपलं. बॅटरीचा लाल दिवाही लागेना. ‘सेल नया डालो, चल जाएगा,’ दुकानदार म्हणाला. नवे सेल घातले. पुन्हा टिक.

परतीच्या लोकलमध्ये मी हिशोब मांडला. मूळ एलसी-एचं उत्पादन २००५ मध्ये थांबलं. २००६ मध्ये एलसी-ए प्लस आला, चीनमध्ये बनलेला. आयएसओ १६०० पर्यंत, शिवाय एकाच फ्रेमवर दोनदा फोटो काढायची सोय. आमचं स्वयंपाकघर तळमजल्यावर, दुपारीही ट्यूब लावावी लागते. कमी उजेडात हा कॅमेरा शटर उघडं ठेवतो आणि हात जरा हलला की फोटो गेला. हळू शटरसाठी दुसरा लाल दिवा असतो, पण तो फक्त इशारा देतो, हात धरत नाही. मला फास्ट रोल हवा होता, आणि पहिल्याच रोलला चालणारं मीटर.

जुन्यावर जीव होता, हे खरं. पण कॅमेरा बिघडला तर तो दुरुस्तीला देता येतो, महिनाअखेर पुढे ढकलता येत नाही. जुनं जे होतं ते माझ्या समोर बसून गवार मोडणार होतं. कॅमेऱ्याने तेवढं नीट टिपलं की झालं.

मित्राने त्याचा प्लस दोन आठवड्यांसाठी दिला. रविवारी मी आजीसमोर उभी राहिले. फोकसला पर्याय चारच : ०.८ मीटर, दीड, तीन आणि खूप लांब. मी दीडवर ठेवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

‘बघू,’ आजीने हात पुढे केला.

‘यात लगेच दिसत नाही गं. रोल संपायचा, मग धुवायला द्यायचा.’

‘म्हणजे थांबावं लागणार?’

‘हो.’

तिने शेंगेची शीर ओढली, मोडली, ताटलीत टाकली. ‘थांबू की. मला कुठे घाई आहे!’

अजून पस्तीस शिल्लक होते. पुढचा काढायला मला जरा वेळ लागला.