टिपणे ठेवायची कोठे?

गोंदिया, आमगाव, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या गावांतून मराठी शिकवणारे आम्ही पाच जण गेली काही वर्षे झाडीबोलीतले शब्द टिपून ठेवीत आहोत. शब्द बहुतेक धानाच्या शेतीचे, तलावांचे, दंडारीचे आणि बायकांच्या आपसातल्या बोलण्यातले. हरिश्चंद्र बोरकरांचा झाडीबोलीचा शब्दकोश हाताशी असतोच. पण शब्द कोशात आहे की नाही एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. तो कोणत्या वाक्यात, कोणाच्या तोंडी आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत येतो, हे आम्हांला लिहून ठेवायचे असते. अशा टिपणांना शोधनिबंधाची शिस्त नसते आणि नसावीही. एखादे टिपण चार ओळींचे असते, एखादे चार पानांचे. परवाचे टिपण आजच्या ऐकण्याने दुरुस्त होते. म्हणून ती जालनिशीच्या, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेल्या ब्लॉगच्या, रूपात ठेवावीत यावर आमचे लवकर एकमत झाले. मतभेद झाला तो कोणत्या व्यासपीठावर ठेवावीत यावर, आणि तो आम्हांला वर्षभर पुरला.

नियतकालिकांकडे का जात नाही, असे कोणी विचारील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या याद्यांचा अलीकडचा इतिहास पाहिला तरी उत्तर मिळते. 2018 च्या मे महिन्यात आयोगाने आपल्या मान्य यादीतून 4,305 नियतकालिके वगळली. 2019 मध्ये 'केअर' यादी आली आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. याद्या येतात-जातात, तोवर निबंध कोणत्या अंकात आला हे लक्षात राहते आणि निबंधात काय होते हे विसरले जाते. शिवाय पदोन्नतीच्या गुणांच्या तक्त्यात निबंधाला, ग्रंथाला, ग्रंथातल्या एका प्रकरणालाही जागा आहे, टिपणाला नाही. हे आमच्या पथ्यावरच पडले. ज्या लेखनातून पदरी काहीच पडायचे नाही, ते कोणासाठी करायचे याचा विचार तरी निर्मळ मनाने करता येतो.

वादात तलाव आणला तो आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. या मुलखातले जुने तलाव कोहळी समाजाने बांधले, हे येथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. मात्र पाण्यावर, चराईवर, जंगलाच्या लाकूडफाट्यावर गावाचा जो वहिवाटीचा हक्क होता त्याला निस्तार म्हणत, आणि गावोगावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये तो लिहिलेला असे. 1950 च्या कायद्याने मध्यप्रदेशातली मालगुजारी संपली. भंडारा जिल्हा, ज्यातून 1999 मध्ये गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा मध्यप्रदेशातच होता. तलाव सरकारजमा झाले, त्यांच्या नावाआधी 'माजी' हा शब्द लागला आणि त्यांना मामा तलाव म्हणू लागले. आता पाळ फुटली तर कोणी दुरुस्त करायची हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. तरीही मालक बदलला तेव्हा गावाजवळ निदान एक लिहिलेला कागद होता. सहकाऱ्यांचा प्रश्न असा होता, की दुसऱ्याच्या तलावात आपण टिपणे सोडायला निघालो आहोत, तर त्या तलावात आपला निस्तार काय?

प्रश्न कल्पनेतला नव्हता. याहूचे जिओसिटीज 2009 मध्ये बंद झाले. पोस्टरस 2013 मध्ये, गूगल प्लस 2019 मध्ये, याहू ग्रुप्स 2020 च्या अखेरीस. 2003 पासून चालत आलेले आणि पैसे घेऊन सेवा देणारे टाइपपॅडही 2025 च्या सप्टेंबरअखेर बंद झाले. म्हणजे पैसे मोजले की जागा आपली होते, हेही खरे नव्हे. ब्लॉगर 1999 मध्ये सुरू झाले, 2003 मध्ये गूगलने ते घेतले आणि आजही ते चालू आहे. परंतु ते चालू ठेवणे हा गूगलच्या मर्जीचा भाग आहे, आपल्या हक्काचा नव्हे.

येथून पुढे आमची कसोटी बदलली. तोवर आम्ही विचारीत होतो की लिहायला सोपे कोणते, दिसायला नीटस कोणते, फुकट कोणते. आता विचारू लागलो की उद्या सगळे उचलून निघावे लागले तर कोठून धडपणे निघता येईल. या कसोटीला ब्लॉगर वाटले होते त्याहून बरे उतरते. सगळा मजकूर एका धारिकेत बांधून उतरवून घेता येतो आणि ती धारिका वर्डप्रेसला वाचताही येते. वर्डप्रेसची आज्ञावली 2003 पासून मुक्त स्रोताची आहे, त्यामुळे एका यजमानाने दार लावले तर दुसऱ्याच्या अंगणात तोच संसार मांडता येतो. फेसबुकच्या पानावर किंवा व्हॉट्सअॅपच्या समूहात तसे होत नाही. आमच्या जिल्ह्यात साहित्याची खरी वर्दळ व्हॉट्सअॅपवरच आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कविता तेथे सकाळी उगवतात, दुपारी दाद घेतात आणि संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडल्या जातात. दंडारीतल्या एका शब्दावर झालेली अशीच एक उत्तम चर्चा दोन महिन्यांनी शोधायला गेलो, तर ज्याच्या भ्रमणध्वनीत ती होती त्याचा भ्रमणध्वनीच बदललेला होता.

स्वतःचे अधिक्षेत्र विकत घेऊन स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ थाटावे, असा एक पक्ष होता. त्यात मालकीचा प्रश्न सुटतो आणि वारसाचा उभा राहतो. अधिक्षेत्राचे भाडे दरवर्षी भरावे लागते. आमच्यातले दोघे निवृत्तीला आले आहेत. संशोधक गेल्यावर त्याच्या वह्या निदान माळ्यावर पडून राहतात. भाडे थकलेले संकेतस्थळ माळ्यावरही राहत नाही. फ्रान्समधील ओपनएडिशनच्या 'हिपोथेसेस'चा विचारही झाला. ते केवळ संशोधकांच्या टिपणवह्यांसाठी काढलेले व्यासपीठ आहे, मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि तेथल्या सूचीत दाखल झालेल्या टिपणवहीला आयएसएसएन क्रमांकही मिळतो. आमच्यातला तरुण सहकारी या क्रमांकावर फार लोभावला होता. परंतु अर्ज करावा लागतो, त्याची छाननी होते. झाडीबोलीच्या टिपणांची छाननी तेथे कोणी करायची, यावर गाडी अडली. अशी टिपणवही भारतीय भाषांसाठी आपल्याकडे एखाद्या संस्थेने का चालवू नये, हा विचार त्या रात्री पुष्कळ वेळ चालला. शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभे करून दाखवलेच आहे.

मराठी लेखकाची खरी फजिती दुव्यात होते, आणि तिच्याविषयी कोठे फारसे लिहिलेले आढळत नाही. ब्लॉगरवर लेखाचे शीर्षक देवनागरीत दिले की दुवा तयार करताना तो ते शीर्षक सोडून देतो आणि 'ब्लॉग-पोस्ट' असे एकच रोमन नाव व पुढे आकडे लावतो. शंभर टिपणांची शंभर नावे, सारी जुळ्या भावंडांसारखी. वर्डप्रेस शीर्षक जपतो, पण दुवा चिकटवला की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे टक्क्यांच्या खुणांसह नऊ चिन्हांत रूपांतर होते. काना, मात्रा, हलन्त हे सारे वेगळे मोजले जाते. वर्डप्रेस दुव्याच्या या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा घालतो, म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हे त्यात मावतात आणि शीर्षक मध्येच तुटते. उपाय साधा आहे: दुव्याचे नाव आपणच रोमन लिपीत, आखूड आणि एकदाच ठरवून द्यावे. ब्लॉगरवरही ते प्रसिद्ध करण्याआधी देता येते. विद्यार्थ्याने प्रबंधाच्या तळटीपेत आपला दुवा हाताने उतरवून घेतला तर तो त्याला लिहिता आला पाहिजे, एवढी माफक अपेक्षा त्यामागे आहे.

टंकाचे दुखणे याहून जुने. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा टंकांत लिहीत होतो, आणि छापखान्यांच्या आग्रहामुळे पुष्कळांचे लेखन अजूनही तसेच होते. असा लेख पीडीएफ करून महाजालावर चढवला की डोळ्यांना मराठी दिसते आणि यंत्राला निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ. पाने प्रतिमारूपात चढवली तर तेवढेही नाही. प्रबंध उपलब्ध असतो, पण त्यातला एक शब्द शोधू जावे तर तो त्यात आहे हे कोणालाच कळत नाही. आमची 2004 च्या सुमाराची टिपणे अशाच टंकांत होती. ती युनिकोडमध्ये आणताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांनी जे हाल केले, त्यावर स्वतंत्र टिपण होईल.

बोलीच्या टिपणांत याला आणखी एक पदर आहे. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो आणि 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'र'. प्रमाण मराठीतला 'डोळा' वऱ्हाडीत 'डोया' होतो आणि आमच्याकडे 'डोरा'. तलावाची 'पाळ' येथे 'पार' होते. आता 'पार' असे लिहून शोधणाऱ्यास वडाचा पार सापडतो, नदीपार सापडते. तलावाची पार सापडणे दुरापास्त. म्हणून प्रत्येक टिपणाला प्रमाण रूप, बोलीतले रूप, गाव आणि विषय अशा खुणा जोडता आल्या पाहिजेत, आणि शक्य तर उच्चारही ऐकवता आला पाहिजे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 चा. त्यात बोलींचे नमुने आहेत ते प्रामुख्याने उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे. त्यामुळे वाक्ये ताडून पाहता येतात, परंतु बांधी, बोडी, पऱ्हे, रोवना हे शब्द त्या कथेत यायचे कोठून? डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाने ध्वनिमुद्रणे खुली करून फार मोठे काम केले आहे. आमचे काम त्याच्या शेजारी बसू शकेल असे असावे, एवढीच आकांक्षा.

आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि आमच्या जिल्ह्याने ते मोठ्या प्रेमाने स्वीकारले आहे. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत भवभूती आपल्या समकालीनांवर रुसतो आणि भविष्यात जन्मणाऱ्या एखाद्या समानधर्म्यावर भरवसा टाकतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. वर्गात शिकवताना आपण त्या भरवशाचे कौतुक करतो. तो ज्यांनी खरा केला त्या नकलकारांचे नाव मात्र घेत नाही. रा. गो. भांडारकरांनी 1876 मध्ये 'मालतीमाधव' संपादित केले ते अनेक हस्तलिखितांचे पाठ ताडून. नाटक टिकले ते अनेक घरांत अनेक हातांनी उतरवले गेले म्हणून. व्यासपीठाच्या वादात हे उदाहरण निघाल्यावर मग कोणते एक, हा हट्ट आपोआप सैल झाला.

शेवटी ठरले ते असे. रोजची टिपणे वर्डप्रेसवर, रोमन दुव्यांसह. शब्दांचे सुटे उच्चार विकिमीडिया कॉमन्सवर. मराठी विकिपीडियावर नवे संशोधन चालत नाही, तेव्हा टिपणे तेथे नेऊ नयेत. वर्षाअखेर साऱ्या टिपणांची एक साधी मजकूरधारिका आणि एक पीडीएफ करून ती झेनोडोवर ठेवावी. सर्न या प्रयोगशाळेने 2013 पासून चालवलेल्या या भांडारात नोंदीस डीओआय क्रमांक विनामूल्य मिळतो आणि पुढल्या वर्षीची सुधारित आवृत्ती तिलाच जोडता येते. आणि वर्षाच्या काही छापील प्रती. 1954 च्या कायद्याने छापील पुस्तक राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवावे लागते. ब्लॉगची प्रत मागणारे त्या कायद्यात कोणी नाही.

एक गोष्ट मात्र अजून ठरलेली नाही. मागच्या रोवन्याच्या दिवसांत अर्जुनी मोरगावकडच्या एका आजींनी आम्हांला बांधीच्या धुऱ्यावर बसून गाणी सांगितली. ध्वनिमुद्रण झाल्यावर ते कोठे जाणार हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हे मंग पुसता येते का गा, मास्तर?" वर्षभर आम्ही न पुसली जाणारी जागा शोधत होतो. डीओआय लागलेली नोंद सहसा पुसता येत नाही, हाच तिचा गुण म्हणून आम्ही ती निवडली होती. आजींच्या गाण्यांपैकी एकात सुनेने सासरच्या माणसांची नावे घेतली आहेत, आणि ती माणसे त्याच गावात राहतात.

तेव्हा ती गाणी सध्या कोठेच चढवलेली नाहीत. एक प्रत आजींच्या नातवाच्या भ्रमणध्वनीत आहे आणि एक आमच्यातल्या एकीच्या कपाटात. तिसरी प्रत करायची की नाही हे विचारायला आम्ही कापणी आटोपल्यावर पुन्हा जाणार आहोत.